रस्ट की गो : खान्देशातील अभ्यासगटाने कोणती भाषा निवडावी?

सी ही प्रोग्रामिंग भाषा येणाऱ्या दहा-बारा विद्यार्थ्यांना घेऊन जळगाव, धुळे किंवा नंदुरबार येथे मेमरी-सुरक्षित, म्हणजे मेमरी हाताळण्यातल्या चुका टाळणाऱ्या, भाषेचा अभ्यासगट सुरू करायचा झाल्यास रस्ट आणि गो या दोन भाषांचा विचार आधी करावा लागतो. सीमध्ये मेमरी मागून घेणे व परत करणे ही प्रोग्रामरचीच जबाबदारी असल्यामुळे, परत केलेली जागा चुकून पुन्हा वापरली गेली किंवा ॲरेची हद्द ओलांडली गेली, तरी प्रोग्राम बरेचदा निमूटपणे कंपाइल होतो, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवला जातो. अशा चुका केवळ नवशिक्यांच्या नसतात. दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या आपल्या सुरक्षाविषयक त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या हाताळणीतून उद्भवतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते.

गोने हे काम गार्बेज कलेक्टरवर सोपवले आहे. प्रोग्राम चालू असतानाच तो नको असलेली मेमरी गोळा करत राहतो. गूगलमध्ये घडलेल्या या भाषेची पहिली स्थिर आवृत्ती मार्च २०१२ मध्ये आली. तिच्यात अवघे २५ राखीव शब्द आहेत आणि कंपाइल झटपट होते, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवरही पहिल्या आठवड्यातच छोटा वेब सर्व्हर उभा राहू शकतो. सर्व्हरवर प्रोग्राम चालवण्याची व सांभाळण्याची डॉकर आणि कुबरनेटीस ही साधने गोमध्येच लिहिलेली असल्याने, सर्व्हरच्या कामासाठी पुण्या-नाशिकला नोकरी शोधणार असलेल्या गटाने गो घ्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र दोन गोरूटीन (गोमध्ये एकाच वेळी चालणारी कामे) एकाच मॅपमध्ये, म्हणजे किल्ली-मूल्यांच्या जोड्यांच्या साठ्यात, एकाच वेळी लिहू लागल्या, तर कंपायलर ती चूक दाखवत नाही; त्यासाठी अशी टक्कर शोधणारा रेस डिटेक्टर लावावा लागतो आणि तोही प्रत्यक्ष चाललेला कोडच तपासतो.

मे २०१५ मध्ये स्थिर झालेल्या रस्टमध्ये गार्बेज कलेक्टर नाही. प्रत्येक मूल्याला एकच मालक असतो, त्याची व्याप्ती संपली की मेमरी आपोआप मोकळी होते, आणि ते मूल्य कोडच्या दुसऱ्या भागाला उसने देताना एक तर वाचणारे अनेक किंवा बदलणारा एकच, असा नियम कंपायलर प्रोग्राम चालण्यापूर्वीच तपासतो. या शिस्तीची किंमत मोठी आहे. सीची सवय असलेल्या विद्यार्थ्याला पहिला महिना-दीड महिना साधी लिंक्ड लिस्ट (एकमेकांना जोडलेल्या घटकांची यादी) लिहितानाही कंपायलर अडवत राहतो. शिवाय विंडोजवर नेहमीच्या पद्धतीने रस्ट बसवताना मायक्रोसॉफ्टची काही जीबींची बिल्ड टूल्स उतरवावी लागतात, आणि मोबाइलच्या डेटावर चालणाऱ्या गटाने हे आधीच लक्षात घेतलेले बरे. दिलासा असा की, कंपायलर चूक दाखवताना देतो त्या ई०३८२ सारख्या क्रमांकाचे सविस्तर स्पष्टीकरण आणि भाषेचे पूर्ण दस्तऐवज इंटरनेट नसतानाही संगणकावर वाचता येतात.

आपल्या भागाचा विचार करता मला निर्णायक वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. रावेर-यावलच्या केळीबागेत मातीतील ओलावा मोजून ठिबकचा व्हॉल्व्ह उघडणारे यंत्र करायचे, तर त्यातील मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या चिपमध्ये, मेमरी काहीशे केबीच असते. नेहमीची गो तिथे चालत नाही. टायनीगो हा अशा चिपांसाठीचा गोचा वेगळा कंपायलर आहे, पण त्यात गोची सगळी लायब्ररी वापरता येत नाही. रस्ट मात्र ऑपरेटिंग सिस्टीमशिवायही चालते. ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर घ्यायचा असल्यास त्याचा सी३ हा प्रकार घ्यावा, कारण त्याचा प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या रचनेचा असल्याने रस्टचा मूळ कंपायलर पुरतो, तर जुन्या ईएसपी३२ साठी वेगळा कंपायलर बसवावा लागतो.

म्हणून सी आलेल्या आणि शेतीच्या उपकरणांत रस असलेल्या गटाला मी रस्टच सुचवेन, फक्त पहिले सहा आठवडे असिंकला (एका कामाची वाट पाहताना दुसरे काम पुढे नेण्याच्या पद्धतीला) हात न लावता मालकी आणि उसनवारी एवढ्यावरच घालवावेत. व्हॉल्व्ह जोडलेली चिपची पिन एकदा कोडच्या एका भागाच्या मालकीची केली की दुसऱ्या फंक्शनला ती परस्पर चालू-बंद करता येत नाही, तसा कोड कंपाइलच होत नाही. सामाईक विहिरीवर ज्याची पाळी त्याच्याकडेच मोटारीची चावी, ही रीत पाहिलेल्या मुलांना हा नियम समजावताना फार शब्द खर्ची घालावे लागणार नाहीत.