घराचा खर्च काढताना: चौरस फुटाचा दर की आयटमवार एस्टिमेट?

बांधकाम परवानगीची फाइल तयार व्हायला लागली की खर्चाचा आकडा कसा काढायचा हा प्रश्न येतोच. एकतर बिल्टअपला, म्हणजे एकूण बांधीव क्षेत्रफळाला, चौरस फुटाच्या दरानं गुणायचं, एका पानात काम संपतं. नाहीतर खोदाईपासून रंगापर्यंत प्रत्येक आयटमचं मोजमाप काढून त्याला दर लावायचा. माझ्या घरासाठी मी दोन्ही करून घेतली. दोन्हींत तथ्य आहे, पण माझा कल कुठं आहे ते पुढं कळेलच.

नुसत्या परवानगीपुरतं बोलायचं तर चौरस फुटाचा हिशेब पुरतो. विकास शुल्क जमिनीच्या रेडीरेकनर (सरकारी दरतक्ता) दरावर बसतं. कामगार कल्याण उपकर बांधकाम खर्चाच्या 1 टक्का, आणि तो खर्चही सहसा रेडीरेकनरमधल्या बांधकाम दरानंच धरतात. तुमच्या घरात ग्रॅनाइट आहे की शहाबादी, याच्याशी त्या टेबलाला फारसं देणंघेणं नसतं. फक्त तो तक्ता चौरस मीटरमध्ये असतो, त्यामुळं फुटाचा दर शेजारी ठेवून बघायचा तर 10.76 नं गुणायचं. तक्ता बदलला तर तो 1 एप्रिलला बदलतो, तेव्हा फाइल मार्चमध्ये अडकून पडली असेल तर आकडा पुन्हा तपासून घ्या.

बँकेचं थोडं वेगळं. तिला इंजिनिअरच्या सहीचं एस्टिमेट लागतं आणि हप्ते प्लिंथ (जोतं), स्लॅब अशा टप्प्यांवर सुटतात. इथं आयटमवार कागद असला की प्रत्येक टप्प्याचा खर्च हाताशी असतो. चौरस फुटाच्या आकड्याचे तुकडे अंदाजानंच पाडावे लागतात.

पण माझा निर्णय झाला तो प्लिंथवर.

2019 आणि 2021 चा महापूर बघितलेल्या कोल्हापूरकराला निळी रेषा, लाल रेषा समजावून सांगायची गरज नाही; बाकीच्यांसाठी, या पुराच्या पाण्याच्या सरकारनं आखलेल्या दोन पातळ्या, लाल ती वरची. या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात प्लॉट असेल, तर एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणं प्लिंथ लाल रेषेच्या वर किमान 0.45 मीटर, म्हणजे दीड फूट घ्यावी लागते. समजा तुमच्या प्लॉटवर लाल रेषा जमिनीपासून तीन फुटांवर आहे. प्लिंथ झाली साडेचार फूट. कंत्राटदाराच्या चौरस फुटाच्या दरात मात्र ती बहुतेक वेळा दोन फूटच धरलेली असते, आणि तेही कागदावर कुठं लिहिलेलं नसतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "काका, ते रेटात धरलेलं न्हाई."

मग धरायचं किती? हजार चौरस फुटांचा तळमजला धरला तर वरच्या अडीच फुटांना 2500 घनफूट, म्हणजे भिंतींची जागा वजा करण्याआधी 25 ब्रास भराव. पाणी मारून धुम्मस केल्यावर मुरूम बसतो, म्हणून मागवायचा त्याहून जास्तच. शिवाय भोवतीच्या बांधकामाची उंची, कॉलमचा वाढीव तुकडा आणि सहा इंची धरल्या तर दारापुढच्या पाच जादा पायऱ्या. यातलं काहीच चौरस फुटात दिसत नाही, कारण क्षेत्रफळ तेवढंच राहतं! हीच कटकट मला नको होती. रक्कम मोठी आहे म्हणून नव्हे, तर ती कुठल्या ओळीत शोधायची तेच कळत नाही म्हणून.

आयटमवार एस्टिमेटमध्ये उंचीच्या रकान्यात दोनच्या जागी साडेचार लिहिलं की भराव, बांधकाम, काँक्रीट सगळं आपापल्या ओळीत वाढतं. काळ्या मातीचंही तसंच. मुरूम चार फुटांवर लागेल की सात, हे खड्डा घेतल्याशिवाय कळत नाही; पण खोदाईची ओळ वेगळी असेल तर भांडण तेवढ्या ओळीपुरतं राहतं. कंत्राटदारालाही ते बरं पडतं असं माझं मत आहे, त्यालाही बिचाऱ्याला वरचे पैसे मागायला आधार लागतोच की.

आता याची दुसरी बाजू. आयटमवार काम वेळखाऊ आहे आणि त्याचे इंजिनिअर वेगळे पैसे घेतो. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची जशीच्या तशी उचलली तर बाजाराशी मेळ बसेलच असं नाही. क्रश सँड, सळी, सेंट्रिंगची मजुरी यांचे दर इथल्या दुकानदाराला आणि सेंट्रिंगवाल्याला विचारूनच घालावेत. मोजमापाचा कागद वाचायला थोडी सवयही लागते. प्लॉट कळंबा, पाचगावच्या बाजूला उंचावर आहे, शेजारच्या घराचा पाया खोदताना मुरूम वरच लागलेला तुम्ही बघितलाय आणि कंत्राटदार घरचाच म्हणावा असा आहे, तर चौरस फुटाचा दर घेऊन मोकळं व्हायला माझी हरकत नाही.

मधला रस्ताही आहे आणि तो बऱ्याच जणांना परवडेल: खोदाई ते प्लिंथ आयटमवार, त्याच्या वर चौरस फुटानं. तसं केलंत तर कागदावर प्लिंथची उंची कुठून मोजायची तेवढं लिहून घ्या. रस्त्याच्या मध्यापासून, जमिनीपासून की लाल रेषेपासून. रस्ता दर डांबरीकरणाला थोडा वर येतो, तेव्हा नुसतं "रस्त्यापासून दोन फूट" असं लिहून भागत नाही. शेजाऱ्याच्या जोत्यावर किंवा विजेच्या खांबावर रंगाची खूण करून घ्यावी आणि तिचा फोटो एस्टिमेटला जोडावा.