डोळे मिटून वापरता येतो, म्हणून हा स्पीकर

सोलापूरच्या नवी पेठेतून घेतलेला बटणांचा छोटा ब्लूटूथ स्पीकर. एफएम रेडिओ आहे, मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह लावायची सोय आहे, किंमत हजार-बाराशेच्या मधली. हाच माल वेगवेगळ्या नावांनी सगळीकडे मिळतो, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही.

मी तो कोणत्या परिस्थितीत वापरला ते आधी सांगते. माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला होता. ऑपरेशन करताना डोळ्यात गॅस भरला. तो गॅस वर चढतो आणि पडद्याला जागेवर दाबून धरतो, म्हणून मला तोंड खाली करून राहायला सांगितलं होतं. रात्री पालथं झोपायचं, दिवसा बसलं तरी मान खालीच. मी शाळेचे गणवेश शिवते. मशीनवर कापड घालून ठेवलं. मुलगा पुण्याहून येऊन सुरुवातीचे दिवस राहिला, मग त्याला नोकरीवर जावंच लागलं. शेजारच्या तेलुगू अक्का दोन्ही वेळेला डबा आणायच्या आणि दारातूनच बजावायच्या, "ताई, मान वर करू नका." त्या गेल्या की घरात मी एकटी. पालथं पडल्यावर चष्मा लावता येत नाही आणि चष्म्याशिवाय मला अक्षर दिसत नाही. पेपर, टीव्ही, फोन सगळंच बंद. उरले फक्त कान.

आम्ही पूर्व भागात राहतो. दिवसभर आजूबाजूच्या मागांची खटखट चालू असते, तिची सोबत असते. लाइट गेली की मागही थांबतात आणि घर एकदम खायला उठतं. अशा वेळी बॅटरीवर चालणाऱ्या या डब्याचा फार आधार वाटला. बॅटरी मात्र खोक्यावर लिहिलीय तेवढी चालत नाही. आवाज मध्यम ठेवला तर त्याच्या निम्मी धरा.

दुकानदाराने आधी मला रंगीत दिव्यांचा, नुसतं बोट फिरवायचा मॉडेल दाखवला होता. ऑपरेशनची तारीख ठरलेली होती, म्हणून मी उठून दिसणाऱ्या बटणांचाच मागितला. मोडच्या, म्हणजे रेडिओ-कार्ड-ब्लूटूथ बदलायच्या, बटणावर मी कापडाची बारीक चकती चिकटवली. तिच्या डाव्या हाताला आवाज कमी, उजव्या हाताला जास्त. अंधारात, उशीखालून हात काढून, काहीही न बघता मी स्टेशन बदलत होते. आजारी माणसाला प्रत्येक गोष्टीसाठी कुणाला तरी हाक मारावी लागते. इथे ती मारावी लागली नाही.

एफएमसाठी वेगळी एरियल नाही. चार्जिंगची वायर लावून ठेवली की तीच एरियलचं काम करते. आमच्या पत्र्याच्या खोलीत वायर खिडकीपर्यंत नेल्यावर आकाशवाणी सोलापूर स्वच्छ लागलं. विविध भारती मात्र मी फोनवरच्या न्यूजऑनएअर अ‍ॅपवरून ब्लूटूथने ऐकली. हे अ‍ॅप प्रसार भारतीचं आहे आणि फुकट आहे. मुलाने ते लावून दिलं होतं, रोज सकाळी अक्का फोन चालू करून द्यायच्या.

मला सगळ्यात जास्त धीर दिला तो विविध भारतीने. 3 ऑक्टोबर 1957 ला सुरू झालेली ही सेवा, म्हणजे माझ्या जन्माआधीची. पालथं पडलेल्या माणसाला वेळ कळत नाही. ऊन भिंतीवर कुठवर आलंय तेही दिसत नाही. पण भूले बिसरे गीत लागलं म्हणजे सकाळ झाली, संगीत सरिता लागली म्हणजे अक्कांची चहाची वेळ, फौजी भावांची जयमाला लागली म्हणजे दिवस मावळला, छायागीत लागलं म्हणजे आता गोळी घेऊन झोपायचं. त्यातली गाणी माझ्या मुलाच्या फोनमध्येही भरलेली आहेत. पण आत्ता, याच क्षणी, कुणीतरी माइकसमोर बसून ती लावतंय, हे त्या फोनमधल्या गाण्यांत नाही. रात्री झोप उडाली की रागम् लावायचे. 2016 पासून ही वाहिनी चोवीस तास शास्त्रीय संगीत देते. मला रागातलं काही कळत नाही. तरी विलंबित ख्याल चालू असला की श्वास हळू होतो, हे मी खात्रीने सांगते.

पॉडकास्ट मी दुपारी ऐकले. दोघं-तिघं समोरासमोर बसून निवांत बोलतात तसलेच मला रुचले. 'अमुक तमुक' नावाच्या मराठी पॉडकास्टचे भाग लांब असतात, एखाद्या विषयातलं माणूस बोलावून ते त्याला मनासारखं बोलू देतात. ऐकताना ओसरीवर पाहुणे बसलेत आणि आपण आत पडून ऐकतोय असं वाटायचं. एकाच माणसाने घाईघाईने सल्ले द्यायचे पॉडकास्टही लावून पाहिले, पण आजारपणात तो आवाज सोसत नाही. आणि किती वाजले हे पॉडकास्ट सांगत नाही. म्हणून संध्याकाळी मी परत रेडिओवर यायचे.

आता खटकलेल्या गोष्टी. मोड बदलला की एक बाई इंग्रजीत मोठ्याने बोलते. दिवसा ते उपयोगी पडतं, कारण आपण कुठे आहोत ते कळतं. रात्री दोनला मात्र छातीत धस्स होतं, आणि तो आवाज कमी करायची सोय नाही. मेमरी कार्डवर भजनं भरून घेतली होती, पण स्पीकर बंद करून चालू केला की पुन्हा पहिल्या भजनापासून सुरू. झोपेचा टायमर नाही, त्यामुळे बॅटरी संपेपर्यंत वाजत राहतो.

कुणाच्या घरी डोळ्याचं ऑपरेशन असेल, कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर दिव्यांचा भारी स्पीकर घेऊ नका, हा घ्या. ज्याच्यासाठी घेताय त्याला ऑपरेशनच्या आधी दोन-चार दिवस डोळे मिटून तो वापरू द्या, म्हणजे बटणं बोटांना सरावतील. खिडकीपर्यंत पोचेल एवढी लांब वायर दुकानातूनच मागून घ्या. बरोबर मिळते ती वीतभरच असते.