किशोरवयीन मुलांसाठी ‘फुल बॉडी चेकअप’: नाशिकच्या लॅबची पॅकेजेस

गंगापूर रोड, कॉलेज रोडवर मिळणारी अशी पॅकेजेस रक्तापुरतीच असतील, तर घेऊ नका. उंची-वजन, रक्तदाब, नजर, दात, पाठीचा कणा त्यात येतच नाही. हिमोग्लोबिन मात्र जरूर तपासा: 12 ते 14 वयात 12 ग्रॅम/डेसिलिटरच्या खाली म्हणजे ॲनिमिया, 15 नंतर मुलग्यांत 13 च्या खाली. अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडं आणि यकृतातलं एक एन्झाइम) लाल अक्षरात दिसलं की पालक घाबरतात. वाढत्या हाडांमुळे ते या वयात प्रौढांपेक्षा जास्त असतंच, आणि रिपोर्टवर मर्यादा प्रौढांची छापलेली असू शकते.

त्यापेक्षा वर्षातून एकदा बालरोगतज्ज्ञांकडे जा. रक्तदाबाआधी 5 मिनिटं शांत बसवा. दंडाला गुंडाळायचा पट्टा (कफ) लहान असेल तर आकडा उगाच चढतो. 10 आणि 16 व्या वर्षीची टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) लस राहिली का, तेही विचारा. आणि थोडा वेळ बाहेर थांबा, मुलांना डॉक्टरांशी एकट्यानं बोलू द्या.