वेळापत्रक, बफर की हातातल्या कामावर मर्यादा? रिसोर्स प्लॅनिंगच्या तीन पद्धतींची तुलना

रिसोर्स प्लॅनिंगसाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, या चर्चेत टीमचे दोन-चार आठवडे सहज जातात. डेमो होतात, ट्रायल होतात, कोणीतरी फीचर्सचा लांबलचक तक्ता बनवतं. त्याआधीचा प्रश्न मात्र तसाच राहतो: तुमच्या प्रोजेक्टमध्ये हलवता येण्यासारखं काय आहे? तारीख, माणसं की कामाची व्याप्ती? यातलं एक तरी हलणारं असावं लागतं. तिन्ही वरून पक्की होऊन आली असतील, तर पद्धत कुठलीही घ्या, हलतात ते लोकांचे घरी जायचे तास.

या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे आहे त्याची निम्मी निवड झालेली असते. उरलेल्या निम्म्यासाठी इथे तीन पद्धती शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. रिसोर्स म्हटलं की यंत्रं, जागा, माल, पैसा सगळंच आलं. पण बहुतेक प्रोजेक्ट अडतात ते माणसांवर, आणि त्यातही एखाद-दुसऱ्याच माणसावर. म्हणून भर तिकडेच आहे.

क्रिटिकल पाथ आणि लेव्हलिंग

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जास्त शिकवली जाणारी पद्धत. क्रिटिकल पाथ १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्युपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी मिळून घडवली. त्याच सुमारास अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रांच्या कामासाठी पर्ट ही तशीच पद्धत आणली. दोन्हींचा मूळ प्रश्न वेळेचा होता: कुठलं काम कशाच्या आधी, आणि त्यातली सगळ्यात लांब साखळी, म्हणजेच क्रिटिकल पाथ, किती दिवसांची. माणसं लागतील तेव्हा मिळतील, हे साध्या क्रिटिकल पाथमध्ये गृहीतच धरलेलं असतं. रिसोर्सचा विचार त्यावर नंतर चढवायचा, त्याला लेव्हलिंग म्हणतात.

नेमकं काय होतं ते बघा. डेटा मायग्रेशन, म्हणजे जुन्या सिस्टममधला डेटा नव्यात हलवणं, आठ दिवसांचं, आणि ते क्रिटिकल पाथवर आहे. रिपोर्टचं काम सहा दिवसांचं, त्याला चार दिवसांचा फ्लोट, म्हणजे शेवटची तारीख न हलवता ते तेवढं मागे सरकू शकतं. दोन्ही एकाच सोमवारी सुरू व्हायची आहेत आणि डेटाबेस कळणारी व्यक्ती एकच. कागदावर दोन्ही पट्ट्या एकाखाली एक छान दिसतात. लेव्हलिंग चालवलं की मायग्रेशन आधी लागतं, रिपोर्ट आठ दिवस मागे जातो; त्यातले चार दिवस फ्लोट गिळतो आणि उरलेले चार दिवस प्रोजेक्टच्या शेवटच्या तारखेवर येतात. उलट क्रम लावला, रिपोर्ट आधी, तर सहा दिवसांचा फटका. म्हणजे चार दिवसांचा उशीर पहिल्या दिवसापासून प्लॅनमध्ये होताच, फक्त दिसत नव्हता. तो दिसला हा या पद्धतीचा खरा उपयोग.

तारीख अजिबात हलवायची नसेल तर स्मूदिंग करतात. त्यात कामं फ्लोटच्या आतच सरकवायची. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये लेव्हलिंग करताना फक्त उपलब्ध स्लॅकमध्येच (स्लॅक म्हणजे फ्लोटच) करण्याचा पर्याय मिळतो, तो हाच. वरच्या उदाहरणात त्याने काही सुटत नाही. त्या व्यक्तीचं नाव तांबडंच, म्हणजे झेपेल त्याहून जास्त काम असलेलंच राहतं. मग निर्णय तुमच्याकडे येतो, आणि तो तिथेच यायला हवा.

दोन गोष्टी टूल विकणारे सहसा सांगत नाहीत. पहिली अशी, की मर्यादित रिसोर्समध्ये सगळ्यात उत्तम वेळापत्रक काढणं हे गणिताच्या दृष्टीने फार अवघड कोडं आहे. प्रोजेक्ट मोठा झाला की शक्यता इतक्या वाढतात की सॉफ्टवेअर त्या सगळ्या तपासत बसत नाही, ठोकताळ्यांवर चालतं. त्यामुळे एकाच प्लॅनवर दोन टूलनी वेगळ्या तारखा दिल्या तर गोंधळून जाऊ नका. दुसरी गोष्ट सूत्राची: काम म्हणजे कालावधी गुणिले माणसं. चाळीस तासांचं काम एका माणसाला पाच दिवस, अर्धवेळ दिला तर दहा, दोन माणसं दिली तर अडीच. टूल हा भागाकार निमूटपणे करून देतं. दुसरा माणूस ते काम समजून घ्यायला किती वेळ घेईल, आणि पहिल्याचा किती खाईल, हे त्याला कळत नाही.

बांधकाम, यंत्रांची उभारणी, कारखान्याचं ठरावीक काळाचं शटडाउन, अशा ठिकाणी ही पद्धत चपखल बसते. तिथे कामाचा क्रम वस्तुस्थितीनेच ठरलेला असतो. पाया झाल्याशिवाय भिंत नाही. करारात उशिराचा दंड असेल तर ‘उशीर कोणामुळे’ हे दाखवायलाही हेच वेळापत्रक लागतं. पण तिची खर्डेघाशी खूप. दर आठवड्याला प्रत्यक्ष किती काम झालं ते कोणीतरी भरायला हवं, आणि ते ज्याचं मुख्य काम आहे असा माणूस हवा. नसेल तर महिन्याभरात तो चार्ट फक्त सादरीकरणात चिकटवण्यापुरता उरतो.

क्रिटिकल चेन आणि बफर

एलियाहू गोल्डरॅट यांनी १९९७ मध्ये मांडलेली ही पद्धत. हिच्यात माणसांचं दुर्भिक्ष सुरुवातीलाच हिशेबात घेतात. सगळ्यात लांब साखळी शोधताना ‘हे काम त्या कामावर अवलंबून’ याच्या बरोबरीने ‘ही दोन कामं एकाच माणसाची’ हेही धरतात. वरच्या उदाहरणात मायग्रेशन आणि रिपोर्ट एकाच साखळीचे दुवे झाले असते.

दुसरा भाग अंदाजांचा. किती दिवस लागतील असं विचारलं की माणूस सावधपणे सांगतो. पाच दिवसांचं काम दहा सांगतो, आणि त्यात वावगं काही नाही. उशीर झाला तर बोलणी त्यालाच खायची असतात. पण दहा दिवस मिळाले की काम दहा दिवस पुरतं. लवकर झालं तरी कोणी बोलत नाही, कारण पुढच्या वेळी अंदाजाला कात्री लागते. झालेला उशीर मात्र जसाच्या तसा पुढच्याच्या डोक्यावर येतो. गोल्डरॅट यांचा उपाय असा: प्रत्येक कामात लपलेली ही सुरक्षितता काढून घ्यायची आणि सगळ्यांची मिळून प्रोजेक्टच्या शेवटी ठेवायची. दहा-दहा दिवसांची चार कामं असतील तर चाळीसऐवजी पाच-पाचची चार, म्हणजे वीस, आणि काढून घेतलेल्या विसांपैकी निम्मे, म्हणजे दहा दिवस, शेवटी बफर म्हणून राखीव. एकूण तीस. एखादं काम सात दिवसांचं झालं तर आरडाओरडा नाही, दोन दिवस बफरमधून गेले इतकंच.

मला या पद्धतीत सगळ्यात जास्त आवडतो तो तिचा आढावा. ‘तुझं काम किती टक्के झालं’ या प्रश्नाला सगळे ‘नव्वद’ म्हणतात. इथे दोन आकडे बघायचे: साखळी किती सरली आणि बफर किती खर्ची पडला. साखळी ३० टक्के आणि बफर ६० टक्के गेला असेल तर आजच हालचाल करा. साखळी ८० टक्के आणि बफर तेवढाच ६० टक्के, तर निवांत राहा. स्टेटस मीटिंग पाऊण तासावरून दहा मिनिटांवर आणायची ताकद या दोन आकड्यांत आहे.

अडचण माणसांच्या स्वभावाची. वरिष्ठांनी बफर पाहिला की पहिला प्रश्न, ‘हे दहा दिवस कशाला? वीसच सांगू या ना क्लायंटला.’ एकदा तो बफर कापला गेला की टीम पुढच्या वेळी पाचाचे दहा नाही, वीस सांगते, आणि सगळा डोलारा कोसळतो. सरसकट निम्मं कापण्याचा नियमही ढोबळच आहे. नेहमीच्या, हातखंडा कामात एवढी सुरक्षितता लपलेली नसते. शिवाय नेहमीच्या टूलमध्ये ही पद्धत आयती मिळत नाही, ॲड-ऑन घ्यावं लागतं किंवा हाताने हिशेब ठेवावा लागतो. थोडक्यात, तुमचा वरिष्ठ बफरला हात लावणार नाही अशी खात्री असेल तरच या वाटेला जा.

कानबान: हातातल्या कामावर मर्यादा

या पद्धतीत वेळापत्रक जवळजवळ नाहीच. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी रुजवलेली ही कल्पना पुढे सॉफ्टवेअर आणि इतर बौद्धिक कामांत आली. बोर्डावर रकाने, प्रत्येक रकान्यात एका वेळी किती कामं असू शकतात याचा आकडा. तो भरला की नवं काम घ्यायचं नाही. आधी पुढचं मोकळं करायचं.

एवढ्याने रिसोर्सचं नियोजन कसं होतं? लहानसा हिशेब करून बघा. एका माणसाकडे तीन कामं, प्रत्येकी पाच दिवसांची. एकामागून एक केली तर पहिलं पाचव्या दिवशी संपतं, दुसरं दहाव्या, तिसरं पंधराव्या. तिन्ही क्लायंटना खूश ठेवण्यासाठी रोज एकेकाला हात लावला, तर पहिलं संपतं तेराव्या दिवशी, दुसरं चौदाव्या, तिसरं पंधराव्या. तिसऱ्याचा फायदा शून्य, पहिल्याला आठ दिवसांचा भुर्दंड. आणि यात एका कामातून दुसऱ्यात डोकं घालायला लागणारा वेळ धरलेलाच नाही.

टीमच्या पातळीवर हेच जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमात येतं. हातात सरासरी चोवीस कामं आणि आठवड्याला सहा संपतात, तर एक काम आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत सरासरी चार आठवडे. संपण्याचा वेग तोच ठेवून हातातली कामं बारावर आणली तर दोन आठवडे. एकही माणूस वाढवावा लागत नाही.

मग माणसं थोडी रिकामी दिसतात. इथेच वरच्या मजल्यावरून विचारणा होते. त्यांना रांगेचं साधं गणित दाखवावं. कामं आपापल्या लहरीने येत असतील, त्यांना लागणारा वेळही तसाच कमी-जास्त असेल आणि करणारा एकच असेल, तर तो ८० टक्के व्यग्र असताना कामाला सरासरी ते करायला लागणाऱ्या वेळेच्या चौपट थांबावं लागतं. ९० टक्क्यांना नऊपट, ९५ ला एकोणीसपट. शंभर टक्के भरलेलं अलोकेशन (माणसाच्या वेळेची वाटणी) अहवालात देखणं दिसतं, पण त्या माणसाच्या टेबलावर काम कुजत पडतं. हे गणित तिन्ही पद्धतींना लागू आहे. कानबान ते तोंडावर मांडतं एवढंच.

सपोर्ट, देखभाल, मजकूर, डिझाइन, दर आठवड्याला प्राधान्यक्रम बदलणारं सॉफ्टवेअर, यांना ही पद्धत मानवते. पण सोळा आठवड्यांनी येणारं यंत्र आज मागवायचं असेल, किंवा पुढच्या तिमाहीत दोन टेस्टर लागतील का हे आत्ता सांगायचं असेल, तर बोर्ड गप्प बसतो. तो आज काय अडलंय ते उत्तम सांगतो, उद्याची बेगमी करत नाही.

पूर्णवेळ टीम की वाटून घेतलेली माणसं

हा निर्णय पद्धतीपेक्षा वेगळा, पण तिच्याइतकाच परिणाम करणारा. दोन प्रोजेक्टला पन्नास-पन्नास टक्के दिलेला माणूस शंभर टक्के काम देत नाही. दोन्हीकडच्या मीटिंग मात्र पूर्ण वेळ घेतात. जिथे कौशल्य सर्वसाधारण आहे तिथे माणूस एकाच प्रोजेक्टला बांधा. जिथे ते दुर्मीळ आहे, सुरक्षा तपासणी करणारा, कायदेशीर कागद बघणारा, तिथे वाटून घेण्याला पर्याय नाही. मग निदान त्याला आठवड्याचे ठरावीक दिवस वाटा, टक्के नकोत.

उशीर झालाय म्हणून शेवटी माणसं ओतण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशिरा चाललेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी लांबतो. पाच जणांत संवादाच्या दहा जोड्या होतात, आठ जणांत अठ्ठावीस. ज्या कामाचे स्वतंत्र तुकडे पडतात, नुसती डेटा भरणी वगैरे, तिथे माणसं वाढवून फरक पडतो.

आता टूल

दहा-बारा माणसं आणि तीन-चार प्रोजेक्ट असतील तर स्प्रेडशीट पुरते. ओळीत माणसं, रकान्यात आठवडे, चौकटीत दिवस. आठवड्याला पाच नव्हे, चारच दिवस वाटायचे, आणि बेरीज चारच्या वर गेली की चौकट लाल. सुट्ट्या आधी भरायच्या, कामं नंतर. स्प्रेडशीट मोडते ती माणसं वाढल्यामुळे कमी आणि तिच्या तीन प्रती फिरू लागल्यामुळे जास्त.

त्यापुढे, एकमेकांत गुंतलेली शेकडो कामं असतील तर मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट किंवा प्रायमाव्हेरा. कामाचा ओघ सांभाळायचा तर जिरा किंवा ट्रेलो. कोण कधी मोकळं आहे एवढंच बघायचं असेल तर फ्लोट (इथे हे टूलचं नाव) किंवा रिसोर्स गुरू यांसारखं अलोकेशनचं कॅलेंडर. तिन्ही कामं एकाच टूलकडून करून घेण्याचा हट्ट महागात पडतो.

मी काय निवडेन

तारीख करारात अडकलेली आणि कामाचा क्रम पक्का असेल तर पहिली पद्धत, लेव्हलिंगसकट. तारीख महत्त्वाची, पण अंदाज डळमळीत आणि वरिष्ठ समजूतदार असतील तर क्रिटिकल चेन. माणसं ठरलेली आणि काम सतत बदलणारं असेल तर कानबान. बऱ्याच ठिकाणी मिश्रणच चालतं: वर पंधरा-वीस ओळींचं ढोबळ वेळापत्रक, खाली टीमचा मर्यादा घातलेला बोर्ड. माझा कल याच जोडीकडे आहे, फक्त वरच्या वेळापत्रकात रोजची कामं घुसू द्यायची नाहीत.

तरीही ठरत नसेल, तर पुढच्या सहा आठवड्यांत कोणाच्या नावावर सगळ्यात जास्त कामं अडून आहेत ते एका कागदावर लिहा. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये वेगळं नाव आलं तर वेळापत्रकाकडे वळा. सगळीकडे एकच नाव आलं तर टूलची खरेदी थांबवा. आधी त्या माणसाच्या कामांचा क्रम लावा, आणि त्याच्या हाताखाली कोणाला तयार करता येईल ते बघा.