वर्गणीची ई-संपदा की महाविद्यालयाचे स्वतःचे डिजिटल भांडार?

अनुदानित महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीपुढे डिजिटल ग्रंथालयाचा विषय येतो, तेव्हा बहुधा दोन प्रस्ताव असतात : वर्गणी भरून ई-नियतकालिके व ई-पुस्तके मिळवणे, किंवा स्वतःकडील साहित्य स्कॅन करून डीस्पेससारख्या मुक्त संगणक प्रणालीवर भांडार उभारणे.

वर्गणीचे बळ व्याप्तीत आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट (माहिती व ग्रंथालय जाळे) केंद्राच्या एन-लिस्ट योजनेतून वर्षाला काही हजार रुपयांत ६,००० हून अधिक नियतकालिके वाचता येतात. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेचा आवाका याहून मोठा आहे : २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके. मात्र ती केंद्र वा राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आखलेली असल्याने, खासगी शिक्षणसंस्थेच्या महाविद्यालयाने तिच्या भरवशावर एन-लिस्ट सोडणे धोक्याचे ठरेल. शिवाय या संपदेत मराठी साहित्य अत्यल्प आहे आणि वर्गणी थांबली की वाचनाची सोयही थांबते.

स्वतःच्या भांडाराचे मोल नेमके येथे कळते. महाविद्यालयाचे जुने वार्षिक अंक, स्मरणिका, परिसराच्या पाहणीचे अहवाल हे साहित्य कोणताही प्रकाशक विकत नाही, आणि ‘शोधगंगा’ हे ऑनलाइन भांडार प्रामुख्याने विद्यापीठीय प्रबंधांसाठी असल्याने तेथेही त्याला जागा नाही. कपाटातली एकुलती प्रत वाळवीने खाल्ली की ते कायमचे गेले. डीस्पेस विनामूल्य आहे. एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी ते २००२ मध्ये खुले केले. खर्च होतो तो सर्व्हर, बॅकअप आणि मुख्यतः माणसांच्या वेळावर. मराठीत एक अडचण अधिक आहे : युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली जशाच्या तशा चढवल्या, तर त्यांतील एकही शब्द शोधाला सापडत नाही, म्हणून त्यांचे आधी रूपांतर करावे लागते. छापील पानांसाठी टेसरॅक्ट ही मुक्त ओसीआर (प्रतिमेतील अक्षरे ओळखून मजकूर बनवणारी) प्रणाली मराठी वाचते, पण फिकट छपाई आणि तुटलेली जोडाक्षरे तपासायला माणूसच बसवावा लागतो.

स्वामित्वहक्काकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. ग्रंथालयाकडे छापील प्रत असल्यास जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना कायद्यात आहे. ती सर्वांसाठी खुली करायची, तर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे उलटलेली असावीत किंवा हक्कधारकाची संमती हवी. नव्या वार्षिक अंकासाठी लेख स्वीकारतानाच लेखी संमती घेतली, तर पुढचा बराच त्रास वाचतो.

माझे मत असे, की एन-लिस्टची वर्गणी चालू ठेवावी, कारण विज्ञान व वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांना तिला पर्याय नाही. परंतु महागड्या अतिरिक्त ई-पुस्तक संचांवर जाणारा पैसा भांडाराकडे वळवावा. सर्व्हर सांभाळणारे कोणी नसेल, तर डीस्पेसची घाई करू नये. यंदा फक्त वार्षिक अंक स्कॅन करावेत, प्रत्येकाची नोंद युनिकोड मराठीत करावी आणि प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.