एल-आर्जिनिन पावडर: रक्तवाहिन्यांना फायदा किती, डब्यावरचा दावा किती

पावडरीच्या डब्यावर ‘हृदयासाठी’ असं ठळक छापलेलं असतं. ही एल-आर्जिनिनची (प्रथिनांतल्या एका अमिनो आम्लाची) पावडर घेतली म्हणून एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उतरत नाही. तिचं काम असलंच तर रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर आहे. हे अस्तर आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं आणि त्याने वाहिनी सैलावते. कोलेस्टेरॉल जास्त असलं की ही क्रिया मंदावते. १९९६ मध्ये कोलेस्टेरॉल वाढलेल्या २७ तरुणांना चार आठवडे रोज २१ ग्रॅम आर्जिनिन देऊन पाहिलं, तेव्हा दंडातली धमनी आधीपेक्षा चांगली रुंदावली. जाहिरातीत या निष्कर्षाचा उल्लेख हमखास असतो, मात्रेचा सहसा नसतो. ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल घेतल्या तर २१ ग्रॅमसाठी दिवसाला ४२ गिळाव्या लागतील!

तेव्हा कॅप्सूल बाद, पावडरच घ्या आणि लेबल नीट वाचा. ‘एचसीएल’ (हायड्रोक्लोराइड, म्हणजे आर्जिनिनचा क्षार) लिहिलेल्या १ ग्रॅममध्ये प्रत्यक्ष आर्जिनिन सुमारे ०.८३ ग्रॅमच असतं. शुद्ध आर्जिनिन चवीला कडवट, वास नकोसा, आणि झाकण सैल राहिलं की हवेतला ओलावा ओढून त्याचे खडे होतात. मग चमच्याचं माप चुकतं, म्हणून छोट्या वजनकाट्यावर मोजलेलं बरं. एका वेळी ९ ग्रॅमच्या वर गेलात तर पोट बिघडण्याची शक्यता बरीच वाढते. मळमळ, मुरडा, जुलाब हे नेहमीचे त्रास. मात्रा दोन-तीन वेळांत विभागली की ते कमी होतात.

यापेक्षा एल-सिट्रुलिन हे दुसरं अमिनो आम्ल उजवं वाटतं. तोंडावाटे घेतलेल्या आर्जिनिनचा मोठा वाटा आतडं आणि यकृतातलं आर्जिनेज हे विकर (एन्झाइम) मधल्यामधे फस्त करतं. सिट्रुलिन त्याच्या तावडीतून सुटतं आणि मूत्रपिंडात त्याचं आर्जिनिन होतं. त्यामुळे कमी ग्रॅममध्ये रक्तातली पातळी जास्त चढते, पोटही शांत राहतं. दिवसाला ३ ते ६ ग्रॅम ही अभ्यासांत वापरलेली मात्रा आहे. मात्र ‘सिट्रुलिन मॅलेट २:१’ घेत असाल तर ६ ग्रॅममध्ये सिट्रुलिन सुमारे ४ ग्रॅमच भरतं, बाकीचं मॅलिक आम्ल. प्रमाण छापलेलंच नसेल तर तो डबा जागेवर ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी आर्जिनिन घेऊ नये. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांना रोज ९ ग्रॅम दिलं गेलं. फायदा दिसला नाही, उलट आर्जिनिनच्या गटात सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि चाचणी थांबवावी लागली. पायांच्या धमन्या अरुंद झालेल्यांवर सहा महिने ३ ग्रॅमचा प्रयोग झाला, तिथेही हाती काही लागलं नाही. नायट्रेट (छातीतल्या कळेचं औषध), सिल्डेनाफिल (व्हायग्रा) किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर दाब एकदम खाली येऊ शकतो. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम शरीरात राखणारी लघवीची गोळी) चालू असेल तर एचसीएल प्रकाराने पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो.

स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) बंद करून ही पावडर सुरू करायचा विचार असेल तर तो सोडून द्या. गुण द्यायचे तर आर्जिनिनला पाचपैकी दोन, साध्या सिट्रुलिनला तीन.