भैरहवा ते पोखरा, नाकाबंदीतली मायक्रोबस : पाचपैकी साडेतीन स्टार

२०१५ च्या दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला जायचं म्हटल्यावर घरचे वेड्यातच काढत होते, कारण एप्रिलच्या भूकंपातून देश सावरतोय तोवर सप्टेंबरात नवीन राज्यघटना आली, तिच्यावरून तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यात, तिथल्या मधेशी लोकांच्या पक्षांचं आंदोलन पेटलं आणि त्यांनी सीमेवरच्या वीरगंज-रक्सौलच्या पुलावर धरणं धरून सगळा माल अडकवला. नेपाळचं पेट्रोल-डिझेल-गॅस सगळं येतं भारतातून, त्यामुळे गाड्याच बंद. आम्ही गोरखपूरहून सोनौलीची सीमा गाठली आणि पलीकडे भैरहवातल्या एका छोट्या लॉजवाल्याकडून पोखऱ्याच्या मायक्रोबसची सीट घेतली, तिचा हा रिव्ह्यू. नाव टाकत नाही, कारण खाली थोडी तक्रारपण आहे.

आधी चांगलं. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या दाईंनी (नेपाळीत दाई म्हणजे दादा) तिकीटच दिलं नाही! पैसे हातात घेऊन उभे होतो तरी म्हणाले आज नको, वाटेतल्या बुटवल शहरात टायर जाळलेत म्हणे, उद्या पहाटे बघू. शेजारचा एजंट मात्र 'टुरिस्ट गाडी आहे, कोणी अडवत नाही' म्हणून सीटा विकत होता, ती गाडी दुपारी परत आली. आमचे दाई दर अर्ध्या तासाला पुढच्या ड्रायव्हरांना फोन लावून रस्ता विचारत होते, आणि खरं सांगायचं तर बंदमध्ये आपण पैसे याच फोनचे देतो, गाडी काय कुठलीपण चालते.

दुसरी गोष्ट म्हणजे रूट. बहुतेक जण नारायणघाट-मुग्लिंग करून जातात, पण त्यात तराईतला हायवे बराच येतो आणि तेव्हा बंदचा सगळा जोर तिथेच होता. यांनी बुटवलहून सरळ सिद्धार्थ राजमार्ग धरला, पाल्पा, स्याङ्जा करत. बुटवल सुटलं की लगेच सिद्धबाबाचा घाट लागतो, वरून दगड पडतात तिथे, जीव मुठीत धरून बसायचं, पण एकदा डोंगरात शिरलं की आंदोलन संपलं, कारण ते तराईचं भांडण होतं, पहाडात प्रश्न फक्त डिझेलचा. ते यांनी कॅनमध्ये भरून मागच्या सीटखाली ठेवलेलं. हो, गाडीभर वास, आणि सिगरेट ओढणाऱ्या एका काकांना सगळ्यांनी मिळून झापलं.

आता तक्रार. भाडं काउंटरवर लिहिलेल्यापेक्षा बरंच जास्त घेतलं, डिझेल ब्लॅकचं आहे हे मान्य, पण आधी सांगा ना. शिवाय मधल्या वाटेत मुढे (बुटकी स्टुलं) टाकून चार माणसं बसवली, टपावर सामानासोबत अजून दोघं, घाटात. भाडं डबल आणि बसायला मुढा, हे काय पटलं नाही बुवा.

जेवणाचा थांबा पाल्पाच्या अलीकडे एका दिदींच्या भोजनालयात. गॅस नाही म्हणून चुलीवर स्वयंपाक, डोळ्यात धूर, मेनूत फक्त डाळभात-तरकारी आणि मुळ्याचं लोणचं, पण भात पोटभर वाढतात, पुन्हा मागितला तर वेगळे पैसे नाहीत. आपण भारतातले कळल्यावर दोघं-तिघं जरा तिरकस बोलले, तुमच्या मोदींनी आमची चूल विझवली वगैरे (माल भारतानेच अडवला असं तिकडे मानत होते; दिल्ली म्हणत होती आम्ही काही अडवलंच नाही, तिथे कोणाला पटत नव्हतं). मी वाद घातला नाही, दिदींनीच विषय बदलला आणि आणखी डाळ ओतली.

कोणी जाणार असेल तर पासपोर्ट किंवा मतदार कार्ड पुरतं, व्हिसा लागत नाही. शंभराच्या नोटा न्या, आपल्या शंभराचे तिकडे १६० होतात. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे लावा, पहाटे पाचची गाडी म्हणजे आपले पावणेपाच, आणि बंदमध्ये ती कोणासाठी थांबत नाही कारण उजाडायच्या आत बुटवल पार करायचं असतं. परतीचं तिकीट मात्र भैरहवातूनच काढून ठेवू नका, पोखऱ्यात त्या दिवसाचा रस्ता बघूनच घ्या, या लॉजवाल्यांची तिकडच्या टोकाला ओळख काही खास नव्हती.